मोजण्यासाठी केलेली यादी, माणूस शोधण्यासाठी

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची माहिती छापून आली. पुढे ज्याला एड्स हे नाव मिळाले, त्या आजाराची ही पहिली छापील नोंद. त्यानंतर एड्सचे रुग्ण आरोग्य विभागाला नावानिशी कळवले जाऊ लागले. हेतू साथ मोजण्याचा होता. औषधच हाताशी नव्हते, त्यामुळे नाव कळले तरी त्या माणसासाठी करण्यासारखे फार थोडे होते.

मार्च १९८५ मध्ये एड्सला कारणीभूत असलेल्या एचआयव्ही या विषाणूची लागण रक्तातून ओळखणाऱ्या अँटिबॉडी चाचणीला परवानगी मिळाली आणि पेच वाढला. अजून आजारी न पडलेल्या, नुसता विषाणू अंगात असलेल्या माणसांची नावेही सरकारला द्यायची का? कोलोरॅडोने त्याच वर्षी नावे घ्यायला सुरुवात केली. इतर अनेक राज्यांत कडाडून विरोध झाला आणि त्या विरोधाला भक्कम आधार होता. निदान बाहेर फुटले की नोकरी जायची, विमा नाकारला जायचा, राहते घर सुटायचे. समलिंगी पुरुषांनी तर पोलिसांच्या याद्यांचा त्रास पिढ्यान्‌पिढ्या भोगला होता. त्यांच्या भीतीला गैरसमज म्हणणे हा मला त्यांच्यावरचा अन्याय वाटतो.

मधला मार्ग म्हणून मेरीलँड आणि टेक्सास या राज्यांनी १९९४ मध्ये नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरून पाहिले. क्रमांक अर्धवट भरलेले यायचे, एकाच माणसाच्या दोन नोंदींचा मेळ बसायचा नाही. टेक्सासने १९९९ मध्ये नावांची पद्धत स्वीकारली. पुढे एचआयव्हीच्या उपचारांसाठी पैसा देणाऱ्या रायन व्हाइट कायद्याखालचा केंद्रीय निधी नावनिशीवार आकड्यांशी जोडला गेला आणि एप्रिल २००८ पर्यंत पन्नासही राज्यांत नावानिशी नोंद सुरू झाली.

दरम्यान उपचारांचे चित्र पालटले होते. १९९६ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली. औषध लागू पडते आहे की नाही हे पाहण्यासाठी रक्तातला विषाणूभार, म्हणजे विषाणूचे प्रमाण, आणि प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी ठरावीक काळाने तपासाव्या लागत. एकेक राज्य या तपासण्यांचे निकालही प्रयोगशाळांकडून मागवू लागले. त्यातून नोंदवहीचे स्वरूपच बदलले. पूर्वी तिच्यात निदानाची एक तारीख असे, आता एकेका माणसाच्या मागे निकालांची साखळी तयार झाली. साखळी तुटली, वर्षभर एकही निकाल आला नाही, तर तो माणूस उपचारांतून सुटला असावा असा अंदाज बांधता येऊ लागला.

ही गळती केवढी होती, ते २०११ मध्ये नीट समोर आले. त्या वर्षीच्या एका गाजलेल्या विश्लेषणानुसार अमेरिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी जेमतेम १९ टक्के लोकांचा विषाणूभार दडपलेला होता. उरलेल्यांपैकी काहींचे निदानच झाले नव्हते, काही जण निदान होऊनही दवाखान्यात पोचले नव्हते आणि बरेच जण पोचून मग दिसेनासे झाले होते. त्याच वर्षी एचपीटीएन ०५२ या वैद्यकीय अभ्यासाने दाखवले, की लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. त्यानंतर नोंदी हाती असूनही गप्प बसणे आरोग्य विभागांना जड जाऊ लागले.

लुइझियाना याआधीच पुढे गेले होते. २००९ मध्ये तिथल्या सार्वजनिक रुग्णालयांची संगणकप्रणाली राज्याच्या एचआयव्ही नोंदींशी जोडली गेली. समजा, कुणी हात कापला म्हणून आपत्कालीन कक्षात आला आणि वर्षाहून अधिक काळ त्याची सीडी४ किंवा विषाणूभार तपासणी झालेली नसेल, तर त्याला तपासणाऱ्या डॉक्टरच्या पडद्यावर सूचना यायची. काय बोलावे, कोणती तपासणी सांगावी हेही त्यातच असायचे. नाव पुरवण्यापेक्षा हे मला मोलाचे वाटते. हे सुरू करण्याआधी एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे म्हणणेही ऐकून घेतले गेले होते. न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलून अशा नोंदी उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचवण्याची वाट मोकळी केली.

साखळी तुटलेल्यांची यादी मात्र फसवी असते. निकाल न येण्याला कारणे अनेक. माणूस दुसऱ्या राज्यात गेलेला असतो, वारलेला असतो किंवा उपचार नीट चालू असून प्रयोगशाळेचा अहवाल तेवढा अडकलेला असतो. अशा माणसांचा शोध घेणाऱ्या आरोग्य विभागाच्या कार्यकर्त्याचा बराचसा वेळ या चाळणीतच जातो. मग फोन. पलीकडे कोण उचलेल याचा नेम नसतो, म्हणून आजाराचे नाव घ्यायचे नाही. कार्यकर्ता आपले नाव सांगतो, परत फोन करायला क्रमांक देतो आणि थांबतो. त्या माणसाने स्वतः फोन केला, आपली ओळख पटवली, की मग बोलणे. बोलणे सुरू झाले की गाडी औषधांवरून विम्यावर, घरभाड्यावर, दारूवर, मनाला आलेल्या मरगळीवर येते.

कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि फिलाडेल्फिया इथल्या कोरेक्ट या अभ्यासात आरोग्य विभाग आणि दवाखाने आपापल्या याद्या ताडून पाहत. तिन्ही ठिकाणी नव्वद दिवसांत परतणाऱ्यांचे प्रमाण वाढले. परतल्यावर टिकून राहण्याच्या बाबतीत मात्र तिन्हीकडे सारखे यश आले नाही. घरभाड्याचा प्रश्न फोनने कसा सुटणार?

२०१८ पासून सीडीसीने निधी देताना नोंदींवरून माणसे शोधून उपचारांत परत आणण्याचे हे काम सगळ्या आरोग्य विभागांच्या जबाबदाऱ्यांत घातले. त्याच सुमारास विषाणू औषधाला दाद देतो की नाही हे पाहणाऱ्या तपासणीतून मिळणारी विषाणूची जनुकीय माहिती लागणीचे पुंजके शोधण्यासाठी वापरण्याचे कामही देशभर वाढले. त्यावर एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनी आक्षेप घेतला: आमचे रक्त उपचारांसाठी घेतले होते, या वापराला आमची संमती कुणी विचारली? अनेक राज्यांत एचआयव्हीशी संबंधित फौजदारी कायदे अजून लागू आहेत, त्यामुळे आरोग्य विभागाची नोंद न्यायालयात पुरावा म्हणून मागितली जाण्याची त्यांची भीती आजही खरी आहे.