यंत्राचा हात, पाठ मात्र आपलीच

लालबाग-परळच्या गणपती कारखान्यात परांचीवर उभा राहून मुकुट रंगवणारा कारागीर पाहा. थोड्या वेळाने तो ब्रश खाली ठेवतो आणि खांदा चोळतो. ब्रशचं वजन नगण्य, पण हाताचं नाही. माणसाचा एक हात शरीराच्या साधारण ५ टक्के भरतो. ६० किलोच्या माणसाने तो वर धरला, की खांद्याचे स्नायू ३ किलो पेलत असतात.

अशा कामासाठी काही मोटार कारखान्यांत खांद्याचे एक्सोस्केलेटन, म्हणजे अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा, वापरतात. त्यात बहुधा मोटर नसते. स्प्रिंग दंडाला खालून उचलून धरते. खांद्याला आराम खरंच मिळतो, पण भार नाहीसा होत नाही. तो पट्ट्यांतून कमरेवर उतरतो. ज्याची कंबर आधीच धरलेली, त्याला हा सौदा महागात पडेल.

अंगावर बांधलेल्या जादा यांत्रिक हाताचा हिशेब आणखी कडक आहे. समजा, त्याने २ किलोचं ड्रिल अंगापासून ६० सेंटिमीटर पुढे धरलं. तुम्ही पुढे कलंडू नये म्हणून पाठीचे स्नायू मागे ओढतात, पण ते कण्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. म्हणजे अंतर बारा पटीने कमी, जोर बारा पटीने जास्त: २४ किलोची ओढ, आणि तेवढाच दाब मणक्यांवर. खुद्द यंत्राचं वजन यात धरलेलंच नाही. बॅटरी पाठीवर बांधतात, त्याने तोल थोडा सावरतो.

वजन बांधलंय कुठे, यालाही महत्त्व आहे. कमरेला १ किलो लावलं तर चालताना फारसा फरक जाणवत नाही. तेच पावलाला लावलं तर दर पावलागणिक ते झुलवावं लागतं, आणि ऊर्जा सुमारे ८ टक्के जास्त लागते. म्हणूनच २०१५ साली अमेरिकेत घोट्याला लावायच्या बिनमोटरच्या हलक्या उपकरणाने चालण्यातली ७ टक्के ऊर्जा वाचवली, तेव्हा त्याचं एवढं कौतुक झालं.

शिवाय मुंबईचा मे महिना. घट्ट पट्ट्याखाली रक्तपुरवठा मंदावतो, घामाने भिजलेली कातडी मऊ पडते आणि घासून सोलवटते. प्रयोगशाळेच्या एसीत हे कळायचं नाही.

आणि मेंदू? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये करंगळीच्या बाजूला बसवायचा यांत्रिक अंगठा वापरून पाहिला. तो पायाच्या अंगठ्यांखालच्या सेन्सरवर चालतो. (विरार लोकलच्या गर्दीत नकोच, कुणाचा पाय पडला की मूठ आवळायची.) २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २० जणांनी ५ दिवस सराव केला. मेंदूत प्रत्येक बोटाच्या हालचालीचा ठसा वेगळा उमटतो; सरावानंतर त्या हाताच्या बोटांचे ठसे एकमेकांसारखे दिसू लागले. काहींना आठवड्याभराने पुन्हा तपासलं, तेव्हा हा बदल ओसरला होता.