‘शेर्शे’: शोधण्याचे फ्रेंच क्रियापद

‘शोधणे’ यासाठी फ्रेंचमध्ये रोज लागणारे क्रियापद म्हणजे ‘शेर्शे’. त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधले ‘किर्कारे’, म्हणजे भोवती फिरणे. ‘सर्कस’ आणि ‘सर्कल’ याच कुळातले. जुन्या फ्रेंचमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘त्स’ आणि मध्ये ‘च’ होता. पुढे ‘त्स’चा ‘स’ आणि ‘च’चा ‘श’ झाला, आणि मधल्या व्यंजनाच्या ओढीने सुरुवातीचा ‘स’ही ‘श’ बनला. इंग्रजीने शब्द त्याआधीच उचलला होता, म्हणून ‘सर्च’मध्ये जुना ‘च’ अजून ऐकू येतो.

चालवायला हे क्रियापद नियमित आहे, फसवतो तो उच्चार. मी, तू, तो, ते या चारही रूपांचा उच्चार ‘शेर्श’. ‘इल शेर्श’ म्हणजे ‘तो शोधतो’ की ‘ते शोधतात’, हे संदर्भावरूनच कळते. मूळ रूप, ‘वू’सोबतचे ‘तुम्ही’चे रूप आणि भूतकाळी कृदन्त हे तिन्ही ‘शेर्शे’च ऐकू येतात, पण लिहायचे वेगवेगळे. फ्रेंच मुलेही इथे चुकतात. त्यांना शाळेत शिकवतात ती कसोटी फार कामाची आहे: त्या जागी ‘चावणे’ हे क्रियापद ठेवून पाहा. ‘मॉर्द्र’ बसले तर मूळ रूप लिहा, ‘मॉर्द्यू’ बसले तर कृदन्त.

खरी चूक होते ती कर्माशी. ‘मी किल्ल्या शोधतोय’ हे ‘ज शेर्श मे क्ले’. मध्ये काहीही नको. इंग्रजीतल्या ‘लुक फॉर’च्या सवयीने अनेकजण मध्ये ‘पूर’ (‘साठी’) घुसवतात. मराठी माणसाला दुसरा खड्डा आहे: आपण ‘डॉक्टरला शोधतोय’ म्हणतो, त्या ‘ला’साठी ‘आ’ घालावासा वाटतो. घालू नका. ‘शेर्शे आ’ आणि पुढे क्रियापद आले की अर्थच बदलतो: ‘ज शेर्श आ काँप्राँद्र’ म्हणजे मी समजून घ्यायचा प्रयत्न करतोय.

‘जाणे’ जोडले की बहुधा शोध संपतो आणि आणणे सुरू होते. ‘ज व्हे शेर्शे द्यू पँ’ म्हणजे मी पाव आणायला जातोय. पाव कुठे मिळतो हे ठाऊक असते. ‘येणे’ जोडून स्टेशनवर न्यायला येण्याची विनंती करता येते. मात्र कोणी चढ्या आवाजात ‘त्यू म शेर्श?’ विचारले, तर तो ‘मला डिवचतोयस का?’ असे विचारतोय.