मुख्याधिकारी, नगरपरिषद

नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या प्रशासनाचा प्रमुख. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 मधील कलम 75 अन्वये या पदाच्या नेमणुकीची, तर कलम 77 अन्वये त्याच्या अधिकार-कर्तव्यांची तरतूद आहे. सातारा, कऱ्हाड, वाई, फलटण, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), विटा, तासगाव इ. शहरांचा कारभार या पदामार्फत चालतो. सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून 9 फेब्रुवारी 1998 रोजी महानगरपालिका झाल्यामुळे तेथे मुख्याधिकाऱ्याची जागा आयुक्ताने घेतली.

या पदाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ मुंबई शहराच्या म्युनिसिपल कमिशनरमध्ये आहे. मुंबईत 1865 च्या कायद्याने एकाच अधिकाऱ्याच्या हाती कार्यकारी सत्ता देण्यात आली आणि आर्थर क्रॉफर्ड हे त्या पदावर आले. त्यांच्या खर्चावरून 1871 मध्ये मोठे वादळ उठले, तेव्हा फिरोजशहा मेहता यांनी लोकनियुक्त सभा आणि तिला उत्तरदायी असा एकच समर्थ कार्यकारी अधिकारी, अशी रचना सुचविली. 1872 व 1888 च्या कायद्यांत या रचनेचे बरेच अंश उतरले. सभेने धोरण ठरवावे व अधिकाऱ्याने ते अंमलात आणावे, हे आजच्या मुख्याधिकारीपदामागील तत्त्व येथूनच आले, असे हे मत मानते.

दुसरे मत जिल्ह्यांतील नगरपालिकांच्या स्वतंत्र इतिहासावर भर देते व ते अधिक ग्राह्य वाटते. 1850 च्या सव्विसाव्या कायद्याखाली, म्हणजे मुंबईतील कमिशनरपदाच्या आधीच, जिल्ह्यांच्या गावी नगरपालिका स्थापन होऊ लागल्या होत्या. सातारचे राज्य 1848 मध्ये खालसा झाल्यावर तेथील नगरपालिका 1853 च्या सुमारास अस्तित्वात आली. या जुन्या नगरपालिकांत कार्यकारी सत्ता अध्यक्ष व व्यवस्थापक समिती यांच्याकडे असे. पगारी सेक्रेटरी हा त्यांचा कारकुनी साहाय्यक. 1901 च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानंतर मोठ्या शहरांत सरकारनियुक्त कमिशनर नेमण्याची वाट खुली झाली. तथापि अहमदाबादेत 1917 मध्ये वल्लभभाई पटेल नगरपालिकेत निवडून आल्यावर अशा कमिशनरविरुद्ध उभा राहिलेला संघर्ष पाहता लोकप्रतिनिधींना ही व्यवस्था मानवली नाही, हे उघड आहे. मुंबई म्युनिसिपल बरो कायदा, 1925 ने मधला मार्ग काढला. बरो (म्हणजे मोठ्या शहराच्या) नगरपालिकेने आपला चीफ ऑफिसर स्वतः नेमावा, तो तिचाच नोकर असावा, मात्र कायद्याने त्याला स्वतःचे निश्चित अधिकार असावेत, अशी ही योजना होती. ‘मुख्याधिकारी’ हे या चीफ ऑफिसरचेच पुढचे रूप होय. मुंबईच्या कमिशनरशी त्याचे साम्य तत्त्वाचे आहे, वंशाचे नाही.

सांगली व मिरज येथे पटवर्धनांची संस्थाने असल्याने तेथील नगरपालिका दरबाराच्या देखरेखीखाली चालत. 1948 मधील विलीनीकरणानंतर हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात आला व त्या जिल्ह्याला 1960 मध्ये सांगली हे नाव मिळाले.

1965 च्या अधिनियमाने पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा या विभागांतील वेगवेगळे कायदे एकत्र केले. या पदाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे मुख्याधिकारी नगरपालिकेचा नोकर न राहता राज्यस्तरीय सेवेचा घटक झाला. परिषदेच्या ठरावावर त्याची नोकरी अवलंबून राहिली नाही, हा लाभ खरा. पण ज्या शहराचा कारभार तो पाहतो त्या शहराशी त्याचे नाते बदलीच्या आदेशापुरते उरले, ही हानीही तितकीच खरी आहे. कऱ्हाडला पी. डी. पाटील यांनी चार दशके नगराध्यक्षपद सांभाळले. त्या अवधीत मुख्याधिकारी मात्र येत-जात राहिले आणि शहराची स्मृती नगराध्यक्षाकडेच राहिली. 2005 च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमाने सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरविला आहे.

भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून गट अ व गट ब अशा दोन स्तरांवर होते. नगरपरिषदांचे वर्ग लोकसंख्येवरून ठरतात : एक लाखाहून अधिक ‘अ’, चाळीस हजारांहून अधिक ते एक लाखापर्यंत ‘ब’ व त्याखाली ‘क’. सातारा ‘अ’ वर्गात मोडते; 2020 मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर इ. उपनगरे तीत आली. छोट्या नगरपंचायतीपासून सुरुवात करून अधिकारी क्रमाने मोठ्या नगरपरिषदेत येतो व पुढे महानगरपालिकेत उपायुक्त किंवा अतिरिक्त आयुक्त होतो. सांगलीच्या आयुक्तपदावर भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांप्रमाणे या संवर्गातून बढती मिळालेल्यांनीही काम केले आहे.

सभेत मुख्याधिकाऱ्याला मत नसते. खुलासा करता येतो. त्याचा खरा प्रभाव सभेच्या आधीच्या टप्प्यात असतो. विभागाकडून आलेल्या टिप्पणीवर त्याचा अभिप्राय पडल्यावर विषय सभेपुढे येतो, ठराव झाल्यावर निविदा व कार्यादेश त्याच्या सहीने निघतात, आणि लेखा शाखेने तपासलेले देयकही अखेर त्याच्याच मंजुरीला येते. ठराव बेकायदेशीर वाटल्यास त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या नजरेस आणून देता येते व जिल्हाधिकारी कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. ही तरतूद अनेक वादांचे मूळ ठरली आहे. नगराध्यक्षाची थेट जनतेतून निवड होऊ लागल्यावर दोघांमधील तणाव वाढला, असे दिसते. 2021 च्या अखेरीस साताऱ्यासह अनेक नगरपरिषदांची मुदत संपल्यावर मुख्याधिकारीच प्रशासक झाले व ठराव करणारा आणि अंमलात आणणारा एकच राहिला. 1925 पासून जपलेली विभागणी त्या काळात स्थगित होती, असेच म्हणावे लागते.

स्थानिक परिस्थितीनुसार पदाचे स्वरूप पालटते. साताऱ्यात डोंगरउतारावरील वस्तीला कास तलावाचे पाणी गुरुत्वाने येते, तर शहापूर योजनेचे पाणी उपसून आणावे लागते. त्यामुळे उन्हाळ्यातील पाणीवाटप हा तेथील मुख्याधिकाऱ्याच्या कामाचा मोठा भाग आहे. सांगलीच्या आयुक्ताचे लक्ष पावसाळ्यात कृष्णा नदीवरील आयर्विन पुलाच्या पाणीपातळीवर असते. तेथे 40 फूट ही इशारा पातळी व 45 फूट ही धोका पातळी आहे; मात्र सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट व कर्नाळ रोड परिसरात पाणी इशारा पातळीच्या आधीच शिरू लागत असल्याने तेथील कुटुंबांच्या स्थलांतराचा निर्णय त्याआधीच घ्यावा लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये ही पातळी 57 फुटांवर गेली होती. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते. एकूण सदस्यसंख्येच्या पाच-अष्टमांश मतांनी महासभेने ठराव केल्यास शासनाला त्याला परत बोलवावे लागते.