सिऊ मेई : घरी न शिजणारा कँटोनी पदार्थ

हाँगकाँगच्या वान चाय भागातील एखाद्या साध्या खानावळीसमोर भर दुपारी उभे राहिले, की दुकानाची पाटी वाचण्याआधीच काचेमागे लोखंडी आकड्यांना टांगलेले मांस नजरेत भरते. पाकाने चकाकणाऱ्या लालसर पट्ट्या म्हणजे ‘चा सिऊ’ आणि बारीक फोड आलेल्या खरपूस कातडीचा जाड तुकडा म्हणजे ‘सिऊ युक’. ही दोन्ही डुकराच्या मांसाची, आणि त्यांच्या शेजारी हंस किंवा बदक. भाजलेल्या मांसाच्या या साऱ्या प्रकारांना मिळून ‘सिऊ मेई’ म्हणतात. वाफवलेला मासा, तासन्‌तास उकळलेले सूप, परतलेली पालेभाजी हे कँटोनी, म्हणजे दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांत आणि हाँगकाँगच्या, घराघरात रोज होते. सिऊ मेई मात्र बाहेर जाऊन खायची किंवा बाहेरून आणायची. ही सवय आजच्या धावपळीतून आलेली नाही. हा पदार्थ मुळापासूनच घरच्या चुलीचा नव्हता.

डुक्कर भाजण्याची कला चीनमध्ये फार जुनी आहे. प्राचीन विधिग्रंथात डुकराच्या पोटात खजुरासारखी फळे भरून, त्याला बोरूत गुंडाळून आणि वरून माती लिंपून भाजण्याची कृती दिलेली आहे. 6व्या शतकात जिया सिश्ये या अधिकाऱ्याने शेतीवर लिहिलेल्या ‘छीमिन याओशू’ या ग्रंथात कोवळे डुक्कर सतत फिरवत, त्यावर मद्य आणि चरबी चोळत भाजण्याचे वर्णन येते, आणि नीट भाजलेल्या डुकराच्या रंगाला तो अंबर आणि सोन्याची उपमा देतो. हा उत्तरेकडचा पुरावा झाला. दक्षिणेत, खुद्द ग्वांगझू (जुने नाव कँटन) शहरात, 1983 साली नानयुए या प्राचीन दक्षिणी राज्याच्या झाओ मो या राजाची कबर सापडली. हा राजा इ.स.पू. 122च्या सुमारास वारला. त्याच्या सोबत पुरलेल्या भांड्यांत मांस भाजण्याच्या ब्राँझच्या शेगड्या होत्या, आणि त्यांपैकी एका शेगडीच्या बाजूंवर छोटी डुकरे ओतलेली आहेत. सळ्या खोवून ठेवता याव्यात म्हणून ती आतून पोकळ आणि तोंड वर केलेली आहेत. रोजच्या वापराच्या वस्तूवर कारागिराने इतकी माया ओतावी, यातूनच त्या दरबारात भाजलेल्या मांसाला काय मान होता ते कळते.

पुढे सामान्य माणसाच्या आयुष्यात हे डुक्कर आले ते मुख्यतः देवापितरांच्या नैवेद्यातून. चिंगमिंग या पितरांच्या सणाच्या दिवसांत पूर्वजांच्या थडग्यांवर, देवळाच्या उत्सवात, नव्या दुकानाच्या मुहूर्तावर अख्खे भाजलेले डुक्कर ठेवण्याची रीत कँटोनी मुलखात आजही आहे. हाँगकाँगमध्ये चित्रपटाच्या चित्रीकरणाचा मुहूर्तही ते कापूनच होतो. लग्नानंतर नवरी माहेरी जाते तेव्हा नवऱ्याकडून भाजलेले डुक्कर पाठवले जाई. ती नवरीच्या शीलाची जाहीर ग्वाही मानली जात असे, आणि तिच्या माहेरचे लोक डोके व शेपूट परत पाठवून मधला भाग ठेवून घेत. कुळाच्या पूर्वजगृहात पूजा झाली की भाजलेले मांस तोडून कुळातील पुरुषांना वाट्याने दिले जाई. ‘पणजोबा डुकराचे मांस वाटतात, वाटा प्रत्येकाला’ अशा अर्थाची कँटोनी म्हण त्यातूनच आली. माझ्या मते या पदार्थाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. एवढे मोठे जनावर एका कुटुंबासाठी कोणी भाजत नाही. ते अनेकांसाठी भाजले जाते आणि सुऱ्याने तोडून वाटले जाते. खानावळीतला आचारी आज पैसे घेऊन तेच करतो.

‘चा सिऊ’ या नावाचा अर्थ काट्यावर भाजलेले. त्याच्या उगमाची एक कथा परंपरेने सांगितली जाते. अख्ख्या डुकरात पाठीच्या आतल्या बाजूचे मांस सर्वांत रुचकर, पण ते थोडेच निघते; म्हणून इतर मांसाच्या पट्ट्या डुकराच्या पोटात खोचून भाजू लागले, आणि पुढे त्या पट्ट्याच काट्यांना लावून वेगळ्या भाजल्या जाऊ लागल्या. आता त्यासाठी बहुधा मान-खांद्याकडचे चरबीदार मांस घेतात. सोया सॉस, साखर, पंचमसाला, आंबवलेले लाल टोफू आणि मद्य यांत ते मुरवून भट्टीत टांगतात आणि शेवटी मोड आलेल्या धान्याचा दाट पाक लावतात. सिऊ युकची रीत निराळी आहे. त्यासाठी पोटाचे मांस कातडीसकट घेतात, कातडीला टोकदार खिळ्यांनी असंख्य छिद्रे पाडतात, मीठ लावून ती पूर्ण कोरडी होऊ देतात आणि मग कडक आचेवर फुलवतात. तिला तिळांसारखे बारीक फोड आले म्हणजे काम साधले.

या सगळ्यासाठी पिंपासारखी उंच, उभी भट्टी लागते. आपल्याकडे तंदूर जसा सहसा घरात नसतो, तशी ही भट्टीही कँटोनी घरात नसते. तिथे आचेवर कढई असते. त्यामुळे शहरे वाढली तसा हा धंदाही वाढला. ऑक्टोबर 1938मध्ये जपानी सैन्याने ग्वांगझू घेतले तेव्हा, आणि पुन्हा 1949मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले तेव्हा, माणसांचे लोंढे हाँगकाँगमध्ये आले. 1945 साली सुमारे 6 लाखांवर आलेली तिथली लोकसंख्या 1950पर्यंत 20 लाखांच्या वर गेली. दाटीवाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या या कष्टकऱ्यांना भातावर चार तुकडे आणि चमचाभर रस असे पोटभर, झटपट जेवण हवे होते, आणि सिऊ मेईच्या दुकानांनी ते दिले.

त्याआधीच 19व्या शतकात ग्वांगडाँगचे लोक सोन्याच्या शोधात कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाला गेले होते, आणि त्यांच्या वस्त्यांतून काचेमागचे आकडेही तिथे पोहोचले. टोकियोत 1910 साली निघालेल्या, रामेन (रस्सेदार नूडल्स) देणाऱ्या रायरायकेन या उपाहारगृहात योकोहामाच्या चिनी वस्तीतील आचारी होते. जपानी रामेनवरचे ‘चाशू’ हे नाव चा सिऊवरूनच आले, मात्र तिथे मांस भाजण्याऐवजी रसात शिजवतात. मुंबईतही ग्वांगडाँगचे लोक होते. माझगावात 1919 साली उभे राहिलेले सी यूप कून मंदिर त्याच प्रांतातील चार तालुक्यांच्या लोकांचे आहे. आपल्याकडे ‘चायनीज’ म्हणून जे रूढ झाले त्यात मात्र ही भट्टी आली नाही.

दुकानात मागताना एक शब्द माहीत असलेला बरा: ‘पून फेई साउ’, म्हणजे अर्धे चरबीचे, अर्धे नुसत्या मांसाचे. तो ऐकला की आचारी आकड्यांवरून नजर फिरवतो, एक पट्टी उतरवतो, लाकडी ठोकळ्यावर जड सुऱ्याचे सात-आठ घाव घालतो आणि सुऱ्याच्या पात्यावरच सगळे तुकडे उचलून भातावर सरकवतो. ज्यांना कडेचा करपलेला, कडवट-गोड भाग आवडतो ते तो आवर्जून मागून घेतात. सिऊ युकसोबत मोहरीची चटणी येते किंवा नुसती साखर. त्याची कातडी हवेतल्या दमटपणाने काही तासांतच मऊ पडते, म्हणून जाणकार भट्टीतून माल बाहेर येण्याची वेळ आधी विचारतात आणि मगच रांगेत उभे राहतात. संध्याकाळी त्याच रांगेत पाहुणे आलेल्या घरची माणसे असतात. घरी भात आणि भाजी तयार असते, आणि तोडून, कागदात बांधून घेतलेले हे मांस जेवणात एका पदार्थाची भर घालते.