भिरंडाची कॅप्सूल आणि कीप-१

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलांचे, म्हणजे भिरंडाच्या (कोकमाच्या) सुकवलेल्या सालींचे, ढीग लागतात. यंदा मोबाइलवर भिरंडाची जाहिरातही फिरतेय: भिरंडाच्या सत्त्वाची कॅप्सूल घ्या, ताण आणि डिप्रेशन विसरा, का, तर तिच्यात अँटिऑक्सिडंट ठासून भरलेत!

अँटिऑक्सिडंटचा मुद्दा हवेतला नाही. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के. ताण दीर्घकाळ राहिला की पेशींत फ्री रॅडिकल, म्हणजे इजा करणारे अस्थिर रेणू, वाढतात आणि चेतापेशींची स्निग्ध आवरणं खराब होतात. डिप्रेशनच्या अनेक रुग्णांच्या रक्तात याच्या खुणा सापडतात. पण सोलांतलं लाल अँथोसायनिन मेंदूत जाऊन ही रॅडिकल टिपतं म्हणावं, तर तेवढं ते तिथवर पोचतच नाही.

खरी गंमत पेशीच्या आत आहे. तिथे एनआरएफ-२ नावाचं प्रथिन असतं आणि कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला दाव्याला बांधल्यासारखं धरून असतं. त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चिकटवून ते त्याला नाशाकडे धाडतं. त्यामुळे एनआरएफ-२ विसेक मिनिटंच टिकतं. मात्र कीप-१ वर सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधकयुक्त गट असतात. हळदीतलं कर्क्युमिन किंवा ब्रोकोलीतलं सल्फोराफेन त्यांना चिकटलं की ही व्यवस्था बिघडते. मग नवं एनआरएफ-२ साचतं, केंद्रकात शिरतं, मॅफ प्रथिनाशी जोडी करून डीएनएच्या ठरावीक क्रमावर बसतं आणि ग्लुटाथिओन हे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट बनवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालू करतं. थोडक्यात, वनस्पतीचा रेणू पेशीला चिमटा काढतो आणि संरक्षणाची सामग्री पेशी स्वतःच बनवते.

ताण दिलेल्या उंदरांत कर्क्युमिनचा गुण दिसतो. माणसांतल्या चाचण्या लहान आहेत, शिवाय ते रक्तात नीट उतरत नाही. मिऱ्यातल्या पायपेरिनने हे प्रमाण सुमारे २० पट वाढतं, हे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं.

झाडाचं म्हणजे निरुपद्रवी, हीसुद्धा अंधश्रद्धाच. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना गाजरात असणाऱ्या बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, तर १९९४ च्या निष्कर्षांत त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला.

आणि डिप्रेशनवर पुरावाच हवा, तर तो गोव्यातच आहे. इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांशी ६ ते ८ बैठकांत बोलून त्यांना पुन्हा कामाधंद्याला लावलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के लक्षणमुक्त होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. भिरंडाच्या कॅप्सूलवाल्यांनी अशी एक चाचणी करून दाखवावी. तोवर डिप्रेशनच्या चालू गोळ्या बंद करू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.