एका रात्रीत गेलेला कान

रात्री झोपताना सगळं ठीक होतं, सकाळी उठल्यावर एका कानाला दडा बसलाय. फोन उजव्या कानाला लावला तर समोरचा काय बोलतोय ते कळत नाही, डाव्याला लावला की स्वच्छ. आत बारीक शिट्टी वाजतेय, उठताना थोडी चक्करही आली. अशा वेळी पुण्यातल्या कितीतरी घरांत काय होतं? सर्दी असेल म्हणून वाफ घेतली जाते, कोमट तेलाचे दोन थेंब पडतात, काल गाडीवर कानाला वारा लागला होता याची आठवण निघते. मग मळ मऊ करायचे थेंब. यात आठवडा जातो. छातीत कळ आली असती तर याच घराने मध्यरात्री रिक्षा शोधली असती. कानाच्या वाट्याला ती घाई येत नाही, आणि हे मला फार सलतं, कारण या आजारात घाईलाच किंमत आहे.

तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन कंपनसंख्यांवर (म्हणजे कमी-जास्त उंचीच्या सुरांवर), ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणशक्ती गेली आणि दोष आतल्या कानात किंवा ऐकण्याच्या नसेत असला, तर डॉक्टर त्याला आकस्मिक बहिरेपण म्हणतात. अमेरिकेतल्या अंदाजानुसार दर वर्षी लाखात ५ ते २७ जणांना ते होतं. जवळजवळ नेहमी एकाच कानाला.

मळ की नस, याचा घरच्या घरी अंदाज घेता येतो. तोंड मिटून ‘हंऽऽ’ असा सूर धरा. बिघडलेल्या कानात तो मोठा ऐकू आला तर बहुधा मळ, सर्दी किंवा पडद्याचा दोष असतो. चांगल्या कानाकडे सरकला तर संशय नसेचा. कान-नाक-घसा तज्ज्ञ ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवतात, तेव्हा हेच तपासत असतात. अंदाज काहीही निघाला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कान दाखवा. निदान पक्कं होतं ते ऑडिओमेट्रीने, म्हणजे ऐकण्याच्या यंत्रावरच्या चाचणीने.

दहातल्या नऊ रुग्णांत नेमकं कारण सापडत नाही. विषाणूसंसर्ग, शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच हल्ला आणि रक्तपुरवठ्यातला अडथळा, असे तीन मुख्य संशयित आहेत. यातल्या तिसऱ्याकडे आपल्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं.

आतल्या कानातला, शंखाच्या आकाराचा कॉक्लिया रुंदीला जेमतेम सेंटिमीटरभर. त्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांचं काम चालावं म्हणून आतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब सतत टिकवावा लागतो. तो टिकवणारा पेशींचा पट्टा रक्तातल्या ऑक्सिजनवर चालतो, आणि ते रक्त येतं एकाच बारीक रोहिणीतून. लकडी पूल बंद झाला तर आपण झेड ब्रिजने जातो. या रोहिणीला असा दुसरा पूल नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिचा प्रवाह अडवला की कॉक्लियाचे विद्युत संदेश मिनिटभरातच मंदावतात.

म्हणजे हृदयाच्या रोहिण्या खराब करणाऱ्या गोष्टी इथेही नडत असणार, हे तर्काला धरून आहे. अभ्यास बऱ्याच अंशी तेच सांगतात. मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अति मद्यपान हे सगळं आकस्मिक बहिरेपणाच्या रुग्णांत जास्त आढळलं आहे. रक्तदाबाबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. हे बहुतेक निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, त्यामुळे संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. पण ज्यांना साखर, चरबी आणि पोटाचा घेर अशा तक्रारी एकत्र असतात त्यांचा कान कमी प्रमाणात सुधारतो, हेही अनेक अभ्यासांत दिसलंय.

‘मी कुठे जाड आहे?’ हा दिलासा पुण्यात तरी कुणी स्वतःला देऊ नये. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. विषय कानाचा नव्हता, मधुमेहाचा होता. पण सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसात किती चरबी दडलेली असते, हे यापेक्षा स्पष्ट कुणी दाखवलं नसेल.

तंबाखूचंही तसंच. अभ्यास मुख्यतः सिगारेटवर झाले, पण मशेरी लावली किंवा गालात तंबाखू धरली तरी निकोटिन रक्तात उतरतंच आणि रोहिण्या आकुंचन पावतात. घरातल्या आजी-मावशींची मशेरी व्यसनात मोजलीच जात नाही; ती मोजायला हवी.

(विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा आणि डीजेच्या भिंतींसमोर तासन्‌तास उभं राहून कान बधिर होतो, तो प्रकार वेगळा, आवाजाच्या माराचा. पण तिथेही दुसऱ्या दिवशी कान मोकळा झाला नाही तर थांबू नये.)

तैवानमधल्या एका मोठ्या अभ्यासात आकस्मिक बहिरेपण आलेल्यांची पुढची पाच वर्षं नोंद ठेवली गेली. तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णांपेक्षा त्यांना पक्षाघाताचा धोका १.६४ पट निघाला. म्हणून कान गेलेल्या माणसाची साखर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब तपासणं मला कानाच्या उपचाराइतकंच महत्त्वाचं वाटतं. आणि ऐकू येणं बंद होताना जोरात चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं किंवा तोंड वाकडं होणं यांतलं काही असेल, तर ओपीडीच्या रांगेत न बसता थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश रुग्णांचं ऐकणं थोडंफार आपोआप परततं. तेलाला श्रेय मिळतं ते त्यामुळेच. पण कोणाचं परतेल हे आधी सांगता येत नाही. यावरचं मुख्य औषध स्टेरॉइड; ती द्यायची पहिल्या दोन आठवड्यांत, जितकी लवकर तितकी बरी. मधुमेह असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण गोळ्यांनी साखर चढते. पडद्यातून थेट मधल्या कानात इंजेक्शन देण्याचा मार्गही आहे. नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआय करायला सांगतील, तो टाळू नका. ऑडिओमेट्रीचा पहिला कागद जपून ठेवा. उपचार संपल्यावर आणि पुढच्या सहा महिन्यांच्या आत होणारी चाचणी त्याच्याशीच ताडून पाहायची असते.