जलपर्णी (केंदाळ)

जलपर्णी ही गोड्या पाण्यावर तरंगत वाढणारी, जांभळट निळ्या फुलांची बहुवर्षायू वनस्पती आहे. कोल्हापूर, इचलकरंजी आणि शिरोळ परिसरात तिला केंदाळ म्हणतात. हिंदीत जलकुंभी हे नाव रूढ आहे. शास्त्रीय ग्रंथांत ती दीर्घकाळ आयकॉर्निया क्रॅसिपेस या नावाने ओळखली गेली, अलीकडच्या वर्गीकरणात मात्र तिला पुन्हा पोंटेडेरिया या प्रजातीत घालण्यात आले आहे. क्रॅसिपेस म्हणजे जाड पायाची. तिचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचे खोरे. तेथून ती केवळ फुलाच्या देखणेपणामुळे जगभर नेली गेली आणि गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत उष्ण प्रदेशांतील नद्या व तलावांना ग्रासणाऱ्या सर्वांत उपद्रवी वनस्पतींमध्ये गणली जाऊ लागली. एवढ्याशा सुंदर वस्तूतून एवढा मोठा विध्वंस कसा घडतो, याची आगाऊ कल्पना करणे माणसाला का जड जाते, हे समजून घेण्यासाठी कोल्हापूरच्या पंचगंगेइतके जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

रोप हातात घेऊन पाहिले तर त्यात भीती वाटावी असे काहीच नसते. गुळगुळीत, चकचकीत, गोलसर पानांचा एक झुबका असतो आणि प्रत्येक पानाचा देठ मध्येच लिंबासारखा फुगलेला असतो. हा फुगीर भाग नखाने चिरला की आत पांढरट, स्पंजासारखी जाळी दिसते. तिच्यातील हवेमुळेच रोप बुडत नाही. खाली काळपट जांभळ्या, पिसासारख्या तंतुमुळांचा जुडगा लोंबतो आणि पाण्याबाहेर काढून झटकला तर त्यातून बारीक गोगलगायी व किडे गळतात. रोपाच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ पाण्याचा असतो. झुबक्याच्या मधून वर आलेल्या तुऱ्यावर साधारण आठ ते पंधरा फुले एकदम उमलतात. प्रत्येक फुलाला सहा दले असतात आणि सर्वांत वरच्या दलावर गडद निळ्या वलयात पिवळा ठिपका असतो, हुबेहूब मोरपिसावरच्या डोळ्यासारखा. फूल एक-दोन दिवसच टिकते. ते कोमेजले की तुऱ्याचा दांडा खाली वाकतो, फळ पाण्यात पिकते आणि बी तळाच्या गाळात जाऊन पडते. घाटावर आलेली मुले हा तुरा हौसेने खुडून नेतात. संध्याकाळपर्यंत त्याची पार रया गेलेली असते.

या वनस्पतीचे खरे बळ बियांपेक्षा तिच्या धुमाऱ्यांत आहे. मूळ रोपाच्या बुडातून पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवा धुमारा निघतो, त्याच्या टोकाला नवे रोप धरते, त्या रोपाला पुन्हा धुमारे फुटतात आणि मधला दुवा तुटला की दोन्ही रोपे स्वतंत्रपणे वाहू लागतात. उबदार हवा, संथ पाणी आणि त्यात विरघळलेले भरपूर नत्र व स्फुरद मिळाले, तर रोपांची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. अनुकूल स्थितीत याहूनही कमी वेळ लागतो.

दुप्पट हा शब्द कानाला साधा वाटतो, म्हणून त्याचा एक हिशेब मांडून पाहणे आवश्यक आहे. दसऱ्याच्या सुमारास बंधाऱ्याच्या फुगवट्यात एकच रोप राहिले आणि ते दर दोन आठवड्यांनी दुप्पट होत गेले असे समजू. पहिले दोन महिने काठावरून जाणाऱ्याला काही दिसणारसुद्धा नाही. सोळा रोपे म्हणजे एखाद्या बुट्टीत मावतील एवढी. बत्तीस आठवड्यांनी, म्हणजे मे महिन्याच्या आगेमागे, सोळा दुपटी पूर्ण होतात आणि रोपांची संख्या ६५,५३६ होते. एका चौरस मीटरमध्ये २५ रोपे धरली, तर त्यांनी सुमारे २६ गुंठे पाणी झाकलेले असेल. सुरुवातीला एकाऐवजी शंभर रोपे राहिली असतील, तर तोच आकडा ६५ एकर होतो. प्रत्यक्षात थंडी, जागेची अडचण आणि प्रवाह यांमुळे वाढ मंदावते, त्यामुळे हा हिशेब जसाच्या तसा नदीवर उतरत नाही. पण त्यातील एक गोष्ट नदीवरही तंतोतंत खरी ठरते. शेवटच्या दोन आठवड्यांआधी झाकलेले पाणी निम्मेच असते, त्याआधी पाव. आठ आठवडे मागे गेले तर सोळापैकी पंधरा भाग पाणी अजून मोकळे दिसते आणि काठाच्या एका कडेला जांभळ्या फुलांचा एक छान पट्टा तेवढा डुलत असतो. जो पट्टा पाहून थांबावेसे वाटते, तोच दोन महिन्यांत सगळे पात्र व्यापणार आहे, हे डोळ्यांना पटत नाही.

पंचगंगेचे पात्र या वाढीला विशेष मानवते, आणि त्याचे एक कारण कोल्हापूरच्या अभिमानाच्या गोष्टीत दडलेले आहे. महाराष्ट्रभर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून जी रचना प्रसिद्ध आहे, तिच्यात नदीच्या पात्रात दगडी खांब उभे करून त्यांच्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, बसवतात. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवले जाते आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढले जातात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांच्या संगमातून झालेली ही नदी चिखलीजवळच्या प्रयागापासून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशा बंधाऱ्यांच्या पायऱ्यांनी उतरते. या बंधाऱ्यांनी उसाला पाणी दिले, या भागाचे अर्थकारण उभे केले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र ऑक्टोबर ते मे या काळात नदी ही नदी न राहता एकापुढे एक मांडलेल्या संथ तळ्यांची रांग होते, आणि केंदाळाला असेच पाणी हवे असते.

दुसरी गरज अन्नाची. कोल्हापूर शहरातून जयंती आणि दुधाळी नाल्यांनी येणारे मैलापाणी, काठच्या गावांचे सांडपाणी, उद्योगांतून बाहेर पडणारे दूषित पाणी आणि उसाच्या रानांतून वाहून येणारी रासायनिक खते हे सगळे या संथ पाण्यात साचते. शेतकरी उसाला जो युरिया घालतो, त्यातला पिकाला न लागलेला अंश अखेर केंदाळाला लागतो. म्हणून जलपर्णीकडे केवळ आक्रमक तण म्हणून पाहणे अपुरे आहे. स्वच्छ, वाहत्या, निकस पाण्यात ती रोडावते. जेथे ती हिरवीगार आणि गुडघ्याएवढी उंच वाढली आहे, तेथे पाण्यात काय मिसळले आहे हे प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच कळते. शहरातील रंकाळा तलावातही असेच घडत आले. भोवतालच्या वसाहतींचे सांडपाणी ज्या कोपऱ्यांतून आत शिरले, त्या बाजूंनी केंदाळ पसरले. शालिनी पॅलेस आणि संध्यामठ यांच्यामधले पाणी ही कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याची जागा असल्याने तेथील केंदाळाची ओरड तरी लवकर होते. तेरवाड बंधाऱ्यामागच्या पाण्याला तेवढे प्रेक्षक नाहीत.

विध्वंस घडतो तो हिरव्या थराच्या खाली. पाने एकमेकांत घट्ट अडकून सलग गालिचा झाला की सूर्यप्रकाश पाण्यात उतरत नाही. त्यामुळे पाण्यातील शेवाळ आणि बुडलेल्या वनस्पती मरतात व त्यांच्याकडून मिळणारा प्राणवायू बंद होतो. वारा पाण्याला लागत नाही, लाट उठत नाही, म्हणून हवेतला प्राणवायूही नीट मिसळत नाही. जुनी पाने व मुळे कुजून तळाशी बसतात आणि ती कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. पहाटेच्या वेळी तो सर्वांत कमी असतो, म्हणून गुदमरलेले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना पहाटे दिसतात आणि उजाडेपर्यंत मेलेले आढळतात. भोई समाजाच्या कुटुंबांना जाळे टाकायला मोकळे पाणी राहत नाही; टाकलेच तर जाळ्यात मासळीऐवजी मुळे येतात. उपसा सिंचनाच्या मोटारींच्या फूटव्हॉल्व्हमध्ये तंतू अडकतात. रुंद पाने हवेत सतत बाष्प सोडत राहत असल्यामुळे मोकळ्या पाण्यापेक्षा केंदाळाने झाकलेल्या पाण्याची तूट अधिक होते. गालिच्याच्या आडोशाला डास वाढतात, आणि हत्तीरोग पसरवणाऱ्या मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या तर पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून त्यांतूनच श्वास घेतात.

कोल्हापूरला विध्वंसाची कल्पना नाही असे नव्हे. पावसाळ्यात येथे भेटेल तो 'पाणी किती फुटांवर आलं?' असे विचारतो. राजाराम बंधाऱ्यावरील ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर हे आकडे सांगताना माणसे क्षणभर थबकतात. पुराला आवाज आहे, रंग आहे, मोजपट्टी आहे. केंदाळाला इशारा पातळी नाही. ते पात्र व्यापते तेव्हा नदी लांबून हिरव्या कुरणासारखी दिसते, आणि त्या दृश्याने मनात धोक्याची घंटा वाजत नाही.

हीच फसगत इतरत्रही झाली. अमेरिकेत १८८४ साली न्यू ऑर्लिन्स येथे भरलेल्या कापूस प्रदर्शनात ही रोपे शोभेची वस्तू म्हणून लोकांच्या हाती पडली, असे सांगितले जाते. पुढच्या दशकात फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीत बोटी अडकू लागल्या. १९१० साली लुईझियानाचे लोकप्रतिनिधी रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे चक्क आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक मांडले. ते केंदाळ खातील आणि त्यांच्या मांसाने देशातील मांसटंचाईही दूर होईल, अशी त्यामागची कल्पना होती. विधेयक मंजूर झाले नाही. एका फुलावर उपाय म्हणून शहाण्यासुरत्या माणसांनी पाणघोड्यांचा विचार करावा, यावरून ते किती टेकीला आले होते हे समजते.

भारतीय उपखंडात सर्वांत मोठा घाव बंगालला बसला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी आलेली ही वनस्पती काही दशकांतच पूर्व बंगालच्या खाड्या, ओढे आणि 'बिल' म्हटल्या जाणाऱ्या उथळ पाणथळ तळ्यांमध्ये पसरली. पुराच्या पाण्याबरोबर तिचे गालिचे भाताच्या खाचरांत घुसून उभे पीक आडवे करीत, आणि जेथे नाव हेच वाहन होते तेथे बाजाराची वाट बंद होई. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला 'जर्मन पाना' म्हणू लागले (बंगालीत पाना म्हणजे पाण्यावर तरंगणारे तण). तिच्या निर्मूलनासाठी १९३६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत केंदाळ हटवणे हे राजकीय आश्वासन झाले. पुढे १९९० च्या दशकात आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातही हजारो हेक्टर पाणी झाकले जाऊन बंदरे आणि मासेमारी ठप्प झाली.

नियंत्रणाचे मार्ग थोडे आहेत. तणनाशक फवारले तर झाडे मरतात, पण ती जागीच कुजून उरलेला प्राणवायू खातात, शिवाय ज्या पाण्यावर गावे तहान भागवतात त्यात विष मिसळण्याचा धोका राहतो. मूळ देशातील निओकेटिना या सोंडकिड्याच्या दोन जाती जलपर्णीवरच जगतात. त्या भारतात १९८० च्या दशकात बंगळूर परिसरातील तळ्यांत सोडल्या गेल्या आणि व्हिक्टोरिया सरोवरातही त्यांनी मोठा हातभार लावला. मात्र किड्यांचे काम वर्षानुवर्षांचे असते. कोल्हापूर परिसरात मुख्य भर पोकलेन, नावा, दोर आणि माणसांचे हात यांवरच आहे. काढलेले केंदाळ काठावरच ढीग करून ठेवले तर पहिल्या वळवाच्या पावसात त्यातले बरेचसे पुन्हा पात्रात घसरते, म्हणून ते लांब नेऊन वाळवणे, त्याचे कंपोस्ट किंवा बायोगॅस करणे हा कामाचाच भाग धरला पाहिजे. उद्योगांच्या पाण्यात वाढलेल्या रोपांच्या मुळांत जड धातू साठलेले असू शकतात. त्यांचे खत भाजीपाल्याला घालण्यापूर्वी तपासणी हवी.

जून उजाडतो, बरगे निघतात, आणि पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर केंदाळाचे तराफेच्या तराफे शिरोळकडून कृष्णेत वाहून जातात. चार-सहा दिवसांत पात्र स्वच्छ दिसते आणि विषय मागे पडतो. पण झाडाझुडपांच्या मुळांत, नाल्याच्या मुखाशी, पुराचे पाणी ओसरल्यावर रानातल्या डबक्यांत काही रोपे अडकून राहतात. गाळात पडलेले बी पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते आणि पाणी उतरून चिखलावर ऊन पडले की त्याला कोंब फुटतो. केंदाळ काढण्याची यंत्रणा मार्च-एप्रिलमध्ये, पात्र भरल्यावर हलते; त्या वेळी प्रश्न एकरांचा झालेला असतो. बरगे पुन्हा घातल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत हाच प्रश्न बुट्टीभर रोपांचा असतो आणि तेव्हा दोन माणसे एका नावेतून जाऊन तो सकाळभरात उचलू शकतात. त्या दिवसांत तुऱ्यांवर पहिली फुले आलेली असतात, त्यामुळे रोपे शोधायला फारसे श्रमही पडत नाहीत.